रंग वाळत नाही? दोष बहुधा हवेचा

एकांनी विचारलंय, स्टुलाला ऑइलपेंट मारून चार दिवस झाले तरी बोटाला चिकटतंय, रंग भेसळीचा असेल का? मला नाही वाटत. जुलैत मुंबईत टॉवेल वाळत नाही, तिथे ऑइलपेंटचं काय घेऊन बसलात! शिवाय रंगाचा हात जाड बसला असणार. वरचा पापुद्रा धरतो, आत ओलंच राहतं. आठवडाभर पंख्याखाली ठेवा. तरीही चिकटलं तर खरवडून काढण्याला पर्याय नाही.

पुन्हा करताना घासण्यात आळस नको. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०चा, आणि नेहमी लाकडाच्या रेषेतच. आडवं घासलं की ओरखडे रंगातूनही दिसतात (आमच्या टीपॉयवर अजून आहेत, पाहुण्यांना मी ते डिझाइन म्हणून सांगतो). भुसा ओलसर फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून मग प्रायमर. रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात नीट वाळल्यावरच पुढचा.

आणि स्टूल सागवानी किंवा शिसवी निघालं तर कृपा करून रंग फासू नका, पॉलिश करा. पण तेही पावसाळ्यानंतरच. चपडीच्या (म्हणजे लाखेच्या) पॉलिशमधलं स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली दमट वाफ तिथेच धरते आणि पांढुरके डाग उठतात. आमच्या सुतारकाकांनी तर ऑगस्टमध्ये चक्क नकार दिला होता. दिवाळीआधी या म्हणाले.