नववीचं गणित: चिन्हं आणि अपूर्णांक कच्चे, कुठून धरावं? (मराठी माध्यम, कर्नाटक बोर्ड, बेळगावचा खानापूर तालुका)

जांबोटी_रस्ता
नमस्कार मंडळी. हायस्कूलला नववीचं गणित आहे, वर्गात ३६ मुलं. सेतुबंध (वर्षाच्या सुरुवातीची मागच्या इयत्तांची उजळणी) झाला, उत्तरचाचणीत गुणही बरे पडले. पण बहुपदी सुरू केल्या आणि सगळं पुन्हा जिथल्या तिथं. −७ − ३ चं उत्तर +१० लिहिणारी मुलं निम्मी तरी निघतील. तास ४० मिनिटांचा, पोर्शन तर पुढं न्यायलाच पाहिजे. मागचं भरून काढायचं ते कशा क्रमानं आणि किती वेळ देऊन? शिवाय बेळगावात महाराष्ट्र बोर्डाची गाइडं सगळीकडं मिळतात, पालक तीच आणतात. ती चालू द्यावीत का?

कंपासपेटी
सर, आधी एक करा. सेतुबंधाच्या चाचणीचे गुण बाजूला ठेवा. गुण किती पडले ते कळतं, चूक कसली ते कळत नाही. त्याऐवजी बारा गणितांची एक चिठ्ठी द्या, २० मिनिटं, कच्चं काम त्याच कागदावर. एका गणितात एकच अडचण असली पाहिजे:

−७ + ३
−७ − ३
५ − (−२)
−३ × −४
१/२ + १/३
३/४ ÷ २
०.३ × ०.२
५ − २(क्ष − ३) सोपं करा
(क + ३)² विस्तार करा
३क्ष = ७ सोडवा
६०० चे १५ टक्के
लांबी ८, रुंदी ५ च्या आयताची परिमिती

तपासताना गुण देऊ नका. चुकलेली उत्तरं जशीच्या तशी वहीत उतरवा आणि एकसारखी चूक करणाऱ्यांची नावं एका रांगेत घ्या. दोन चुका वेगळ्या असतात ते तिथं दिसतं. −७ − ३ ला +१० लिहिणाऱ्याला 'उणे उणे अधिक' पाठ आहे, फक्त तो नियम गुणाकाराचा आहे हे माहीत नाही. −४ लिहिणारा मात्र नुसती ७ मधून ३ ची वजाबाकी करून पुढं उण्याचं चिन्ह चिकटवतो. दोघांना एकच उजळणी दिली तर एकालाही लागू पडत नाही. तसंच ३क्ष = ७ ला ४ लिहिणारा आणि −७/३ लिहिणारा. पहिल्याला ३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष हेच उमगलेलं नाही. दुसऱ्याला ते उमगलंय, पण ३ पलीकडं नेताना त्यानं चिन्ह बदललं.

ती यादी इथं टाका, मग क्रम ठरवू.

निपाणीकर_दहावी
इतकं खोल जायला वेळ कुठाय? दहावीला पासिंग पॅकेज असतंच. दोन समीकरणांचा आलेख, थेल्सचं प्रमेय, मध्य-मध्यक-बहुलक, संभाव्यतेचा एक प्रश्न. घोटून घेतलं की पोरं पास होतात.

शेवटचा_बाक
पास होतात, कबूल. पण ते पॅकेज दहावीच्या जानेवारीतलं औषध आहे, नववीच्या जूनमधलं नव्हे. आणि ज्याला −२ × ३ नीट येत नाही त्याचा आलेखसुद्धा चुकतो, मग त्या पॅकेजमधलं उरलं काय?

जांबोटी_रस्ता
चाचणी घेतली. ढोबळ यादी: −७ − ३ ला +१० सतरा जण, −४ पाच जण. ५ − २(क्ष − ३) बरोबर फक्त चौघांचं. बहुतेकांनी ५ − २क्ष − ६ केलं, काहींनी तर ३(क्ष − ३). (क + ३)² ला क² + ९ जवळपास सगळ्यांनीच. १/२ + १/३ ला २/५ अकरा जण. ३क्ष = ७ ला −७/३ आठ जण. परिमिती आणि टक्केवारी मात्र बरी आहे.

कंपासपेटी
म्हणजे खरा घोळ चिन्हाचा, आणि तोच कंसात परत येतोय. क्रम असा धरा: पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, मग कंसापुढचं उणे, मग समीकरण, मग वर्गविस्तार. अपूर्णांक यांच्या जोडीनं चालू द्या. वेगळा महिना काढू नका. रोज तासाची पहिली आठ मिनिटं, चार गणितं, त्यातली दोन कालच्या प्रकारची. उरलेल्या ३२ मिनिटांत पोर्शन.

पूर्णांकांसाठी चिंचोके आणायला सांगा, मधून फोडलेले. आतली पांढरी बाजू +१, बाहेरची काळपट बाजू −१. एक पांढरा आणि एक काळा मिळून शून्य. −७ − ३ म्हणजे सात काळे आहेत, त्यातले तीन पांढरे काढायचेत. पांढरे नाहीतच, म्हणून तीन शून्य-जोड्या आत टाका. आता तीन पांढरे उचला. उरले दहा काळे. ५ − (−२) पण तसंच: पाच पांढऱ्यांत दोन जोड्या टाका, दोन काळे उचला, सात पांढरे उरतात. प्रत्येक मुलानं हे हातानं दहा-बारा वेळा केलं की पुढं वहीत गोल काढून, मग नुसत्या आकड्यांत. मधली गोलांची पायरी गाळली तर चिंचोके एका बाजूला राहतात आणि वही दुसऱ्या बाजूला.

गुणाकाराला मात्र चिंचोके वापरू नका, −३ × −४ तिथं ओढूनताणून बसवावं लागतं. त्याला रांग लिहा: −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. दर वेळी ३ नं वाढतंय, तर −३ × −१ किती? मुलं स्वतःच ३ म्हणतात. आणि 'उणे उणे अधिक' हे वाक्य वर्गातून काही दिवस हद्दपार करा. म्हणायचंच असेल तर 'उणे गुणिले उणे' असं पूर्ण म्हणायचं.

मलप्रभा_काठ
कंसाच्या चुकीवर थोडं. ५ − २(क्ष − ३) मध्ये ३(क्ष − ३) करणारं मूल डावीकडून उजवीकडं वाचत जातं: आधी ५ − २. त्याला क्रियांचा क्रम अक्षरांत नको, आकड्यांत द्या: २० − २ × ४ करून घ्या, मग २० − २(७ − ३). उत्तर दोन्हीकडं १२. हे पटलं की क्ष आणा.

५ − २क्ष − ६ करणाऱ्यासाठी दुसरा उपाय. 'उणे २' ला एकत्र गोल करायला सांगा आणि त्या गोलातून कंसातल्या दोन्ही पदांकडं दोन बाण. −२ × क्ष, −२ × −३. उत्तर ११ − २क्ष. शेवटी क्ष = १ ठेवून दोन्ही राशी तपासायच्या: मूळची ५ − २(−२) = ९, उत्तर ११ − २ = ९. ज्यानं ५ − २क्ष − ६ लिहिलं त्याचं −३ येतं आणि चूक त्याची त्यालाच सापडते. ही किंमत ठेवून तपासायची सवय वर्षभर पुरते. फक्त क्ष = ० ठेवू देऊ नका, पोरं सोपं म्हणून तेच ठेवतात. ३(क्ष − ३) ची चूक ० ठेवल्यावर दिसते, पण (क + ३)² = क² + ९ मध्ये क = ० ठेवलं तर दोन्हीकडं ९ येतं आणि चूक तशीच लपून राहते.

शेवटचा_बाक
(क + ३)² साठी सूत्र पाठ करून घेण्याआधी १३² विचारा. १० चा वर्ग १००, ३ चा ९, मिळून १०९. पण १३ × १३ तर १६९. ६० गेले कुठं? चौकोनी कागदावर १३ बाय १३ चा चौरस काढून १० वर उभी-आडवी रेघ मारली की ३० चे दोन आयत समोर दिसतात. त्यानंतर १० च्या जागी क. हे एकदा दाखवून भागत नाही. (क − ३)² आलं की तीच चूक नव्या रूपात येते, तेव्हा तो चौरस परत काढावा लागतो.

कंपासपेटी
समीकरणाचं राहिलं. −७/३ ची आठ मुलं 'पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं' या वाक्याची देणगी आहे. ते वाक्य खोटं नाही, पण बेरजेपुरतंच खरं आहे आणि पोरं ते गुणाकारालाही लावतात. तीन आठवडे तरी पलीकडं नेणं बंद. दोन्ही बाजूंखाली क्रिया लिहायची:

३क्ष + ५ = २०
दोन्हीकडून ५ वजा: ३क्ष = १५
दोन्हीकडं ३ नं भाग: क्ष = ५
ताळा: ३ × ५ + ५ = २०

ओळी वाढतात म्हणून मुलं कुरकुरतील. कुरकुरू देत. दहावीच्या ८० गुणांच्या लेखीत पायऱ्यांना गुण आहेत, त्यामुळं या ओळी वायाही जात नाहीत. २क्ष/३ = ८ सारखं आलं की आधी ३ नं गुणायचं का आधी २ नं भागायचं यावर वाद घालू द्या; दोन्ही वाटांनी १२ येतं हे पाहिलं की भीती जाते.

नागरगाळी
अपूर्णांकांकडं कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. १/४ + १/२ ला वहीत २/६ लिहिणारं पोर बाजारात पाव किलो नि अर्धा किलो मिळून पाऊण किलो होतं हे चटकन सांगतं. तिथूनच उचला. पाव, अर्धा, पाऊण, सवा, दीड, पावणेदोन तोंडी दोन मिनिटं, मग त्याच बेरजा वहीत. २/६ म्हणजे एक तृतीयांश, ते अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात पाव घालून कमी कसं झालं, एवढाच प्रश्न विचारायचा. १/२ + १/३ ला मग १२ सेंटिमीटरची पट्टी काढा: निम्मी ६, तिसरा भाग ४, मिळून १२ पैकी १०, म्हणजे ५/६. छेद सारखा का करायचा ते पट्टीवर दिसतं. ल.सा.वि. नंतर सांगा.

जांबोटी_रस्ता
फार उपयोगी. चिंचोके इथं भरपूर, उद्याच सांगतो. गाइडांचं काय? आणि भूमितीत काही सुचवा की.

मलप्रभा_काठ
गाइडं सरावाला घ्या, क्रमाला नको. आपलं पुस्तक एनसीईआरटीच्या धर्तीचं, लेखी एकच पेपर. महाराष्ट्रात बीजगणित-भूमिती दोन भाग, ४०-४० गुणांचे. दहावीला त्यांच्याकडं निश्चयक आणि क्रेमरची पद्धत आहे, अर्थनियोजनाचं अख्खं प्रकरण आहे. आपल्याकडं ते नाही. पोरं ते सोडवत बसतात आणि वेळ जातो. उलट वर्गसमीकरणं, श्रेढी, समरूपता यांची मराठीतली सराव-गणितं बालभारतीच्या पुस्तकांत चांगली आहेत, ती पीडीएफ फुकट उतरवून घेता येतात. गाइड विकत घ्यायची गरज नाही. सिद्धतेची भाषा आणि मांडणी मात्र आपल्या पुस्तकातलीच ठेवा.

शेवटचा_बाक
भूमितीला गुंठा घ्या. ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. ४० गुंठे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. शेतकऱ्याच्या पोरांना हे ऐकून माहीत असतं. विचारा: एक गुंठ्याच्या चौरस प्लॉटची बाजू दुप्पट केली तर किती गुंठे? बहुतेक 'दोन' म्हणतील. ६६ × ६६ = ४३५६, म्हणजे चार. मग विचारा, दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू किती? ३३√२, सुमारे ४६.७ फूट. नववीच्या अपरिमेय संख्या तिथंच आल्या. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर समजायला हेच कामी येतं.

नागरगाळी
दहावीच्या उंची-अंतरासाठी कोनमापक आत्ताच बनवून ठेवा: पुठ्ठ्यावर अर्धवर्तुळाकार चांदा, सरळ कडेला पेनाची रिकामी नळी, मध्यबिंदूतून दोरा, खाली नट. नळीतून झाडाचा शेंडा बघायचा, दोरा जिथं थांबेल तो आकडा ९० मधून वजा. चुका दोन होतात: डोळ्याची उंची मिळवायची राहते, आणि अंतर खोडापासून न मोजता फांदीच्या कडेपासून मोजतात. ४५ अंश येईपर्यंत मागं सरकलं तर कोष्टकही लागत नाही, अंतर अधिक डोळ्याची उंची म्हणजे झाडाची उंची. नोव्हेंबरनंतर करा. खानापूरच्या जुलैत मैदान कुठलं मिळायला! वारं असेल तर दोरा हलतो, तेव्हा नट जड घ्या.

निपाणीकर_दहावी
आलेखाबद्दल माझ्याकडून एक भर. प्रत्येक समीकरणाचे तीन बिंदू काढून घ्या, दोन नको. दोन बिंदूंतून रेघ कशीही जाते, चूक कळत नाही. तिसरा रेघेवर बसला नाही की कळते. आणि बिंदू पूर्णांकात येतील अशा किमती निवडायला शिकवा. २क्ष + ३य = १२ असेल तर क्ष ला ०, ३, ६ द्या, य ४, २, ० येतो. पोरं सवयीनं ०, १, २ घेतात, मग १०/३ आणि ८/३ आलेखावर शोधत बसतात.

जांबोटी_रस्ता
हे आठ मिनिटांच्या सरावातच घालतो. −४ वाल्या पाच जणांना चिंचोक्यांआधी संख्यारेषा द्यावी, का तेही चिंचोक्यांनीच?

कंपासपेटी
त्यांना संख्यारेषाच आधी. जमिनीवर खडूनं −१२ ते +१२ आखा, −७ वर उभं करा, 'तीन वजा' म्हणजे डावीकडं तीन पावलं. ती मुलं ७ वर उभी राहून सुरुवात करतात, तीच त्यांची चूक. −७ वर उभं राहणं जमलं की मग बाकीच्यांबरोबर चिंचोके. पंधरवड्यानं त्याच बारा गणितांचे आकडे बदलून परत द्या आणि यादीशेजारी दुसरा रकाना भरा.