तीन मोती ऐकणाऱ्याचे

गोष्टी सांगण्याबद्दल ‘सांगणारे भरपूर झाले, ऐकणारे उरले नाहीत’ असं कुणी म्हटलं, ते पटलं. पण त्यावर उपाय म्हणून गोष्टी आणखी छोट्या करा, मागे संगीत घाला, असं जे सुचवलं जातं, ते मात्र नाही पटत. ऐकणं हेही काम आहे, हे आपल्या श्रावणातल्या व्रतांच्या कहाण्यांना पक्कं ठाऊक होतं. आदित्यराणूबाईच्या कहाणीत सहा मोत्यांपैकी तीन सांगणारी स्वतः घेते, तीन ऐकणाऱ्याला देते. ‘मनोभावे’ सांगायचं, ‘चित्तभावे’ ऐकायचं, असे दोघांना दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्या मोळीविक्याची लाकडाची मोळी सोन्याची होते ती नुसत्या ऐकण्याने!

आमची आजी कहाणीआधी प्रत्येकाच्या मुठीत चार तांदूळ द्यायची. ‘सुफळ संपूर्ण’ होईपर्यंत मूठ उघडायची नाही. हात गुंतलेला, त्यामुळे चाळा नाही. घामाने दाणे तळव्याला चिकटायचे. गेल्या श्रावणात आईच्या आवाजात शुक्रवारची कहाणी फोनवर रेकॉर्ड केली. एकटीने माइकसमोर सांगताना ती दोनदा अडखळली. मग पुतणीला तांदूळ देऊन समोर बसवली, आणि आई एका दमात शेवटपर्यंत गेली. पुतणीचा ‘हं’ मी त्यात तसाच ठेवलाय.