पसरणी घाटात एमजीबीचा टेंपरेचर काटा एचकडे सरकतो: गाडी तापते की मीटर चुकतंय?

घाटवाट_वाई
गाडी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), 1798 सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं). टेंपरेचर मीटरवर आकडे नाहीत, नुसतं सी (गार), एन (नॉर्मल), एच (गरम). वाईत काटा एनच्या थोडा पुढे असतो आणि पाचगणी येईपर्यंत एन आणि एचच्या मधोमध जातो. पाणी कमी होत नाही, वाफही नाही. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) नवा, 82 डिग्रीचा आहे. एन म्हणजे नेमके किती डिग्री, आणि काटा कुठे गेला की गाडी थांबवायची?

जुनं_लोखंड_सातारा
आधी दोन गोष्टी सांगा. मीटरच्या मागून बारीक नळी निघते की वायर? नळी असेल तर ते कॅपिलरी मीटर, म्हणजे नळीतल्या दाबावर चालणारं, त्याचा विजेशी संबंध नसतो. वायर असेल तर प्रकरण वेगळं. दुसरं म्हणजे पेट्रोलचा काटा बरोबर दाखवतो का?

घाटवाट_वाई
वायर आहे. पेट्रोलचं विचारलंत ते बरं झालं. टाकी अर्धी असताना काटा पाऊण दाखवतो. टाकीतल्या फ्लोटचा (तरंगत्या गोळ्याचा) दोष समजून सोडून दिलं होतं.

जुनं_लोखंड_सातारा
मग फ्लोटला हात लावू नका, दोन्ही काटे एकदम जास्त दाखवतायत. या दोन्ही मीटरांना बॅटरीचा थेट करंट जात नाही, मध्ये 10 व्होल्टचा स्टॅबिलायझर (व्होल्ट स्थिर ठेवणारी डबी) असतो. डॅशबोर्डमागे बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) छोटी चौकोनी डबी बघा, टर्मिनलवर बी (बॅटरीकडून) आणि आय (मीटरकडे) लिहिलेलं असतं. आतली बायमेटल (दोन धातूंची, तापली की वाकणारी) पट्टी तापून संपर्क तोडते, गार झाली की जोडते, आणि त्यातून सरासरी 10 व्होल्ट मिळतात. पट्टी तापवणाऱ्या तारेला डबीच्या अर्थमधून वाट मिळते. त्या स्क्रूखाली गंज किंवा रंग असला की पट्टी तापतच नाही, संपर्क तुटत नाही आणि बॅटरीचे सगळे व्होल्ट मीटरला जातात.

घाटात काटा वर जाण्याचं निम्मं उत्तर इथेच असू शकतं. आयडलला (गाडी उभी, इंजिन हळू चालू) हेडलाइट चालू असताना बारा-साडेबारा व्होल्ट, आरपीएम वाढला की चौदाच्या आसपास. पाणी तेवढंच गरम असलं तरी काटा चढतो.

तपासायला इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, हेडलाइट लावा आणि दोन मिनिटं थांबा, कारण हे काटे मुळातच संथ आहेत. मग लाइट बंद करून 2500 आरपीएमवर अर्धा मिनिट धरा. पेट्रोलचा काटासुद्धा वर सरकला तर दोष स्टॅबिलायझरचा किंवा त्याच्या अर्थचा. टेस्ट लॅम्प आय टर्मिनलला लावला तर तो उघडझाप करायला हवा. सलग पेटलेला राहिला तर स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि पुन्हा बघा. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे नाचतात, त्यावर विसंबू नका.

कृष्णाकाठ_सांगली
अर्थ दुरुस्त झाला की मीटर एकदा पाण्यात पारखून घ्या, म्हणजे एन किती हे तुमच्याच मीटरकडून कळेल. इंजिन गार असताना पाण्याची पातळी हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) खाली आणा, सेंडर (पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा भाग) काढा आणि त्या भोकाला बूच लावा. सेंडरच्या पितळी अंगापासून बॉडीला अर्थची जाड वायर जोडा, मूळ वायर लांबवून टोकाला लावा. सेंडरचं टोक पातेल्यातल्या पाण्यात बुडवा, टर्मिनल कोरडं राहू द्या, शेजारी थर्मामीटर धरा. 80, 85, 90 आणि 95 ला काटा कुठे येतो त्याचा फोटो काढा. प्रत्येक आकड्याला पाणी दोन मिनिटं स्थिर ठेवा. उकळत्या पाण्याला 100 समजू नका, साताऱ्यात ते 97-98 लाच उकळतं.

82 च्या थर्मोस्टॅटवर सपाट रस्त्याला 82 ते 88 ठीक. घाटात 95 पर्यंत चालेल, मात्र वर पोचल्यावर काटा खाली यायला हवा. 100 च्या पुढे गेलं तर आरपीएम 1500 वर ठेवून मिनिटभर उभे राहा. एकदम बंद करू नका, पाण्याचा पंप थांबला की हेडमधलं पाणी आणखी तापतं. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र लगेच बंद, आणि कॅप तासभर उघडायची नाही.

रेडिएटरची कॅपही तपासा. दर पीएसआयला (दाबाचं एकक) उत्कलनबिंदू दीड डिग्रीने वाढतो, म्हणजे 10 पीएसआयची कॅप पाचगणीच्या उंचीवर पाणी 110 च्या आसपासपर्यंत उकळू देत नाही. तिचं रबर कडक झालं असेल तर तेच पाणी 96 ला उकळेल आणि काटा एचला टेकलेलासुद्धा नसेल.

घाटवाट_वाई
सेंडर परत बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप लावू का?

कृष्णाकाठ_सांगली
नको. सेंडरला अर्थ आट्यांमधूनच मिळतो, टेपने तो कमकुवत होतो आणि काटा कमी दाखवतो. नुसता तांब्याचा वॉशर घाला. पाणी भरून हवा नीट काढा. सेंडरच्या टोकाशी हवा अडकली तर इंजिन तापत असताना काटा सीकडे उतरतो. म्हणून चालवताना काटा अचानक पडला तर तिथेच बाजूला घेऊन पाणी बघा.