१९७६चं फिल्मफेअर: ‘दीवार’ला दिलं ते बरोबरच होतं

तिसरी घंटा

‘शोले’ची पन्नाशी झाल्यापासून एकच वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. ‘एवढा मोठा पिक्चर, नऊ नामांकनं, आणि फिल्मफेअर मिळालं फक्त एक, तेही संकलनाचं! केवढा अन्याय!’ दिवाळीत आमच्याकडे बारा माणसं जमली होती, त्यातल्या अकरा जणांचं हेच मत. बारावा मी. घरात बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

निकाल आधी समोर ठेवतो, कारण तो न बघताच लोक हळहळतात. १९७५च्या चित्रपटांसाठीचे हे तेविसावे पुरस्कार. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाच नावं होती: आंधी, अमानुष, दीवार, संन्यासी, शोले. जिंकला दीवार. दिग्दर्शक यश चोप्रा, सहाय्यक अभिनेता शशी कपूर, आणि कथा, पटकथा, संवाद ही तिन्ही सलीम-जावेदना. अभिनेता संजीव कुमार, पण ‘आंधी’साठी. अभिनेत्री लक्ष्मी, सहाय्यक अभिनेत्री नादिरा, संगीत राजेश रोशन, हे तिघंही ‘ज्युली’चे. किशोर कुमार आणि इंदीवर ‘अमानुष’च्या एकाच गाण्यासाठी. आणि ‘शोले’कडून एकटे संकलक एम. एस. शिंदे.

आता माझं म्हणणं. दोन्ही पिक्चर एकाच जोडीने लिहिलेले, एकाच वर्षात आलेले: दीवार जानेवारीत, शोले १५ ऑगस्टला. त्यामुळे लेखकांवर अन्याय झाला असं कुणी म्हणू नये. त्यांना फिल्मफेअरच्या तीन बाहुल्या मिळाल्या, आणि ज्या लिखाणाला मिळाल्या ते लिखाण जास्त सणसणीत होतं. ‘दीवार’मध्ये एक प्रसंग फालतू काढून दाखवा. गोदीतल्या त्या गोदामाचंच घ्या. पीटर या गुंडाची माणसं विजयला, म्हणजे अमिताभला, शोधत गावभर फिरताहेत आणि हा त्यांच्याच गोदामात खुर्चीवर पाय पसरून बसलेला. उठतो, दाराला आतून कुलूप लावतो आणि किल्ली पीटरकडेच देतो. मारामारी सुरू व्हायच्या आधी निकाल लागलेला असतो! हे लिहिताना कागदावर झालेलं काम आहे. सत्तर एमएमची गरज नाही, घोडे नकोत, डोंगर नकोत.

शिवाय ‘दीवार’ मुंबईचा आहे. संपात मोडलेला बाप, पुलाखाली वाढलेली पोरं, गोदीतला हप्ता. गिरणगावात आणि गोदीत ज्यांची हयात गेली त्यांना हे सांगावं लागत नव्हतं. आज ‘शोले’ आपल्याला मोठा वाटतो त्यात त्याच्यानंतरच्या पन्नास वर्षांचा वाटा आहे: मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरातली पाच वर्षं, संवादांच्या तबकड्या, गणपतीच्या मांडवातले कर्णे. १९७६ साली निवड करणाऱ्यांनी भविष्य बघायचं होतं का?

पनवेल पॅसेंजर

अजिबात पटलं नाही. पुरस्कार त्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कामाला द्यायचा असतो, आणि मोठं काम ओळखायला भविष्य कशाला लागतं? डोळे पुरेत.

आमचे आजोबा पनवेलजवळच्या गावातले. ‘शोले’तली आगगाडीवरची मारामारी आमच्या बाजूला, मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर चित्रित झाली. पडद्यावर काही मिनिटं दिसणाऱ्या त्या प्रसंगाला सात आठवडे लागले. आजोबा शेतावरची कामं टाकून बघायला जायचे. ते सांगायचे, सकाळपासून इंजिन पुढे नि मागे, पुढे नि मागे, आणि संध्याकाळी माणसं काळीठिक्कर होऊन खाली उतरायची. हिंदी सिनेमात तोवर असं कुणी केलं होतं?

आणि नुसता आकार मोठा आहे म्हणून बोलत नाहीये मी. जया भादुरी वाड्याच्या सज्जात एकेक दिवा विझवत जाते आणि खाली अमिताभ माउथ ऑर्गन वाजवतो. तो उजेड दिवसातून काही मिनिटंच मिळायचा, म्हणून छायालेखक द्वारका दिवेचांनी एवढ्याशा प्रसंगासाठी वीसेक दिवस घातले. संवाद एकही नाही. तुम्ही ‘कागदावर झालेलं काम’ म्हणता, मी म्हणतो सिनेमा कागद संपतो तिथे सुरू होतो. त्या वर्षीचे दिग्दर्शक रमेश सिप्पीच होते.

अमजद खानचं तर बोलूच नका. पहिलाच मोठा पिक्चर, बाजूला सगळे नावाजलेले, आणि पोराटोरांच्या तोंडी नाव कुणाचं? गब्बरचं. त्याला डावलून शशी कपूरला ‘सहाय्यक’ ठरवलं. शशी कपूर त्यात बरोबरीचा नायक आहे की! शेवटी २००५मध्ये फिल्मफेअरनेच पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘शोले’ निवडला. आधी चुकलं होतं याची याहून मोठी कबुली कुठली?

तिसरी घंटा

अमजदबद्दल तुमचं अर्धं मान्य. मी त्या जागी असतो तर रात्रभर झोपलो नसतो.

पण शशी कपूरला कमी लेखू नका. विजयचं काम प्रेक्षकाच्या पसंतीचं, त्याच्या पोलीस भावाचं, रवीचं, काम प्रेक्षकाला नको असलेलं. पाव चोरून पळणाऱ्या पोराच्या पायावर रवी गोळी झाडतो आणि नंतर त्याच्या घरी खायला घेऊन जातो. तिथे आई त्याला फाडून खाते आणि बाप, ए. के. हनगल, निवृत्त मास्तर, शांतपणे समजावतो की चोरी ती चोरीच. त्या वेळी शशी कपूरचा चेहरा बघा. त्याच्याकडे बोलायला काहीच नाही. त्या घरातून तो बाहेर पडतो तेव्हा भावाची केस घ्यायची हे ठरलेलं असतं, आणि ते आपल्याला कळतं. हे करणं गब्बरपेक्षा अवघड आहे, असं माझं प्रामाणिक मत.

२००५चं म्हणाल तर ते पन्नास वर्षांच्या हिशेबाचं बक्षीस होतं. प्रश्नच वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

खिडकी क्रमांक ४

तुमचं दोघांचं भांडण पाचातल्या दोघांवर चाललंय. मला त्या पाचांच्या यादीचाच राग येतो. ‘संन्यासी’ आत आणि ‘निशांत’ बाहेर? श्याम बेनेगलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, पुढच्या वर्षी कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला सिनेमा. आणि लोकांची पसंती मोजायची होती म्हणाल, तर ‘जय संतोषी माँ’ कुठे आहे? बाया थिएटरबाहेर चपला काढून आत जायच्या, पडद्यावर नाणी उधळायच्या. उषा मंगेशकरांच्या आवाजातली ती आरती आमच्या चाळीत दर शुक्रवारी लागायची. जाणकारांचा आवडता सिनेमा नाही, लोकांचा आवडता सिनेमा नाही, मग ‘संन्यासी’ कुठल्या निकषावर आला हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

आजीचा रेडिओ

दादा लोकांनो, तुम्हाला त्या रात्रीची सर्वांत मोठी गोष्ट दिसलीच नाही.

वर्ष कुठलं होतं ते आठवा. जून १९७५मध्ये आणीबाणी लागली. ‘आंधी’ फेब्रुवारीत लागलेला, चांगला चालू असताना बंद केला. सुचित्रा सेनची ती पांढरी बट, ती साडी, ते चालणं. लोकांना त्यात इंदिराबाई दिसत होत्या. चालू सरकारने बंद पाडलेला तो सिनेमा. आणि आणीबाणी चालू असताना, १९७६ साली, फिल्मफेअरने त्याच सिनेमासाठी संजीव कुमारला सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं. समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट चित्रपटही ‘आंधी’च. वर्तमानपत्रांचे अग्रलेख कोरे निघत होते त्या काळात! संजीव कुमारला ‘शोले’साठीही नामांकन होतं. ठाकूरचं नाव पुकारून गप्प बसता आलं असतं, कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी ‘आंधी’चं पुकारलं. मला त्या निर्णयाबद्दल आजही फार आदर वाटतो.

किशोर कुमारचंही तेच. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याची गाणी आकाशवाणीवर बंद झाली, कारण सरकारच्या कार्यक्रमात गायला तो गेला नाही. माझी आजी रेडिओपाशी बसून निवेदकाने त्याचं नाव घ्यायची वाट बघायची. नाव यायचं नाही.

अन्याय शोधायचाच असेल तर सुचित्रा सेनचा शोधा. नवरा अनेक वर्षांनी भेटतो आणि ती त्याच्याशी पुढारीण म्हणून बोलावं की बायको म्हणून, या पेचात दोन पायऱ्या उतरून थांबते. ‘ज्युली’त लक्ष्मी छान आहे, नाकारत नाही. पण हीच भूमिका तिने मल्याळममध्ये आधी केलेली होती. सुचित्रासमोर तिला उजवी ठरवणं मला कधीच पटणार नाही.

पनवेल पॅसेंजर

ताई, ‘आंधी’चा मुद्दा मानला. हे मला खरोखर सुचलं नव्हतं. लक्ष्मीबाबत मात्र नाही पटलं. चांगली वठवलेली भूमिका दुसऱ्या भाषेत पुन्हा तितकीच ताजी करणं सोपं नसतं. आणि त्याच घरातली नादिरा! ज्युलीच्या आईच्या भूमिकेसाठी तिला मिळालं, ते त्या यादीतलं मला सगळ्यात योग्य वाटतं. निरूपा रॉयची आई आपण आधी पाहिलेली होती, नादिराची नव्हती.

कटिंग टेबल

दोन दिवस वाचतोय. लिहिणार नव्हतो, पण ‘फक्त एक, तेही संकलनाचं’ हे वाक्य पोटात टोचत राहिलं. तिसरी घंटा, तुम्ही ते दुसऱ्याच्या तोंडचं म्हणून दिलंत, पण तुम्हीही ते खोडलं नाहीत. ‘शोले’कडून ‘एकटे’ शिंदे म्हणालात आणि पुढे गेलात.

मी आयुष्यभर संकलनाच्या खोलीत काम केलं, फिल्मवर. उन्हाळ्यात फिल्म जोडायच्या सिमेंटच्या वासाने डोकं धरायचं, गळ्याभोवती तुकड्यांच्या माळा, कपड्याच्या पिशवीत सोडलेल्या ट्रिम्स, म्हणजे कापून उरलेले तुकडे. एक फ्रेम हरवली तर जमिनीवर रांगायचं. तर हिशेब ऐका. पस्तीस एमएम फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. ‘शोले’साठी सुमारे तीन लाख फूट चित्रित झालं असं सांगतात. म्हणजे पंचावन्न तासांचा ऐवज. पहिला तयार झालेला सिनेमा २०४ मिनिटांचा, म्हणजे अठरा हजार फुटांच्या आसपास. सोळा-सतरा फुटांतला एक फूट ठेवायचा. कुठला, हे ठरवणारा माणूस म्हणजे माधव शिंदे.

आता दोन जागा सांगतो. ठाकूरच्या घरातलं हत्याकांड. एकेक माणूस गोळी लागून पडताना चित्र गोठतं. आवाज येतो, चित्र थांबतं, पुन्हा आवाज. शेवटी उरतो लहान मुलगा. गब्बर बंदूक रोखतो, गोळी सुटते, आणि आपल्याला मूल दिसत नाही. दिसते आगगाडी, ठाकूर गावी परत येतोय. पोराचं मरण शिंद्यांनी दाखवलं नाही, आणि म्हणूनच पन्नास वर्षं ते कुणाच्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही.

दुसरी जागा. गब्बर दोन्ही तलवारी उगारून खाली आणतो. तिथेच तोडलं. पुढच्या चित्रात आजचा ठाकूर, खांद्यावरची शाल घसरते आणि सदऱ्याच्या रिकाम्या बाह्या वाऱ्यावर हलतात. रक्ताचा थेंब नाही. तोवर हा माणूस शाल का पांघरतो हा प्रश्नसुद्धा आपल्या मनात आलेला नव्हता. अर्धा पिक्चर दडवून ठेवलेली गोष्ट त्या एका सांध्यावर उघडी होते.

आपला सचिन, पिळगावकर, अहमद झालाय. त्याचं मरणही पडद्यावर नाही. गब्बर हातावरचा किडा चिरडतो, आणि मग घोड्यावरून प्रेत गावात येतं. बाप तेच हनगल. ‘दीवार’मध्येही गोळी खाल्लेल्या पोराचा बाप, इथेही. दोन्ही पिक्चर लागोपाठ बघा.

वर सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. ठाकूरने गब्बरला मारायचं नाही, पोलीस यायला हवेत. तोंडावर १५ ऑगस्ट. शेवट नव्याने चित्रित करायचा आणि टेबलावर पुन्हा बसायचं, तोही असा की सांधा दिसता कामा नये. मूळ शेवटासह सिनेमा २०२५मध्ये इटलीत, बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला, तेव्हा काय बदललं होतं ते लोकांना मोठ्या पडद्यावर बघता आलं.

तेव्हा माझं मत तुम्हा दोघांच्याही विरुद्ध आहे. ‘शोले’ला एक मिळालं ही दया नव्हती आणि थट्टाही नव्हती. ज्या कामामुळे ‘शोले’ ‘शोले’ झाला, नेमकं ते ओळखून दिलं होतं. ‘सीता और गीता’, ‘शान’, ‘शक्ती’ सगळे त्यांच्याच हातचे. २०१२ साली शिंदे गेले. आमच्या धंद्यात त्यांचं नाव अजून मानाने घेतात. बाहेर कुणाला ठाऊक आहे?

पनवेल पॅसेंजर

काका, अंगावर काटा आला. पण मग एक सांगा, हे दोन सांधे एकट्या शिंद्यांचे कसे? गोळीनंतर आगगाडी आणायची हे दिग्दर्शकालाही सुचलेलं असेलच ना? सिप्पींना का नाही दिलं?

कटिंग टेबल

असेल. सुचलं कुणाला हे त्या खोलीत असलेल्यांनाच माहीत. पण सुचणं वेगळं आणि बसवणं वेगळं. गोळीच्या आवाजानंतर चार फ्रेम जास्त ठेवल्या असत्या तर मुलगा दिसला असता. चार आधी तोडलं असतं तर गोळी लागलीच नाही असं वाटलं असतं. चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तो हाताला कळावा लागतो. सिप्पींना मिळायला हवं होतं, हे मलाही वाटतं.

तिसरी घंटा

कटिंग टेबल काका, चूक कबूल. ‘एकटे’ हा शब्द मी विचार न करता लिहिला. शीर्षक बदलत नाहीये. ‘दीवार’ला दिलं ते बरोबरच, यावर मी ठाम आहे. पण घरच्या अकरा जणांशी भांडताना मी संकलनाचं नावही काढलं नव्हतं, त्यांच्याइतकंच मलाही ते किरकोळ वाटत होतं.

काल रात्री तो तलवारींचा प्रसंग पाच वेळा मागे-पुढे करून पाहिला. आई शेजारी बसली होती. शाल घसरली तशी ती प्रत्येक वेळी मान फिरवत होती.

आजीचा रेडिओ

आता ‘आंधी’ पण आईबरोबर बघा. त्या पायऱ्यांपाशी थांबवा, आणि लक्ष्मी की सुचित्रा ते त्यांनाच विचारून इथे लिहा.