शेवी 350: नवीन हेडवर पुशरॉड किती लांबीचे, रॉकर 1.5 की 1.6?

लिफ्टर_350: स्मॉल ब्लॉक 350 (शेव्हरोलेचं व्ही-8 इंजिन), हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट कॅम, 1.5 रॉकरवर (पुशरॉडची हालचाल दीडपट करून व्हॉल्व्ह दाबणारी दांडी) लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची उंची, 0.480 इंच. अ‍ॅल्युमिनियम हेड नवीन घेतलीत. व्हॉल्व्ह मूळपेक्षा 0.100 इंच लांब, रॉकर ज्यावर बसतो तो स्टड 3/8, गाइड प्लेट आहेत. 1.6 चे सेल्फ-अलाइनिंग रोलर रॉकर स्वस्तात मिळताहेत. जुने 7.800 इंची पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंत ढकलणाऱ्या सळ्या) चालतील का?

टॅपेटकव्हर: आधी ते रॉकर नाकारा. सेल्फ-अलाइनिंग रॉकरला व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच्या कडा असतात, गाइड प्लेट पुशरॉडला धरते. दोघं मिळून रॉकर ओढाताणीत अडकतो आणि व्हॉल्व्हचं टोक झिजतं. दोन्हींपैकी एकच ठेवायचं. प्लेट ठेवणार असाल तर पुशरॉड हार्डन केलेलेच हवेत. साधा रॉड प्लेटवर घासून त्याचा कीस थेट तेलात जातो. कानस फिरवून बघा: घसरली तर रॉड कडक, पकडली तर साधा.

लांबी कॅटलॉगवरून ठरवू नका. एका सिलिंडरवर हलकी चेकिंग स्प्रिंग लावा (मूळ स्प्रिंगने कॅमवर चालणाऱ्या लिफ्टरमधला प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, दबतो आणि माप खोटं येतं). अ‍ॅडजस्टेबल पुशरॉड बसवा, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावा, झीरो लॅश (सगळी मोकळीक नेमकी संपलेली) करून क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. शाईवरचा पट्टा जितका अरुंद तितकी भूमिती बरोबर. पट्टा एक्झॉस्टकडे सरकला तर रॉड लांब, इनटेककडे सरकला तर आखूड. मिळालेल्या लांबीत प्रीलोडचे (प्लंजर मुद्दाम दाबून ठेवायचा तेवढे) साधारण 0.030 इंच मिळवा.

कॅमलोब: 1.6 ने लिफ्ट 0.512 होते. म्हणजे आधी स्प्रिंग तपासा: पूर्ण लिफ्टला कॉइल बाइंडपासून (स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकण्यापासून) निदान 0.060 आणि रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) ते व्हॉल्व्हचं सील 0.050 इंच. पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला 0.080, एक्झॉस्टला 0.100 मोकळं आहे ना बघा. 1.6 मध्ये पुशरॉडची वाटी स्टडच्या जवळ सरकते, त्यामुळे रॉड हेडच्या भोकाला घासू शकतो. सोळाही भोकं टॉर्चने बघा. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला 1.5 पुरे.

लिफ्टर_350: मग 1.5 च. प्रीलोडला नट किती फिरवायचा?

टॅपेटकव्हर: अर्धा फेरा. 24 आट्यांच्या स्टडवर नट 0.021 उतरतो, पण व्हॉल्व्हचं टोक जागेवरच असल्यामुळे 1.5 रॉकरवर पुशरॉड सुमारे 0.035 दबतो. झीरो लॅश शोधताना रॉड बोटांत फिरवून अंदाज घेऊ नका, लिफ्टरमध्ये तेल नसेल तर प्लंजर दबूनही तो फिरतो. वरखाली हलवा, खटका संपला की झीरो.

ऑर्डर देताना त्यांची लांबी टोकापासून टोकापर्यंत आहे की गेज लांबी, ते विचारून घ्या. तेलाच्या भोकाशी टोक कापलेलं असतं, त्यामुळे दोन मापांत फरक पडतो. तयार रॉड बहुधा 0.050 च्या टप्प्यांत मिळतात.

कॅमलोब: आणि पट्टा अरुंद असून थोडा बाजूला पडत असेल तर सोडून द्या. तो मधोमध आणायच्या नादात रुंद झाला तर व्हॉल्व्हचं गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) खातो.