उत्तरवाहिनी परिक्रमा: आईला घेऊन

प्रश्न: आई ६४ वर्षांची. चैत्रात गुजरातमधली रामपुरा–तिलकवाडा ही नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा (नदी उत्तरेकडे वाहते त्या टप्प्याची पायी प्रदक्षिणा, मध्ये नावेने नदी ओलांडून) करायची म्हणते. बडोद्याहून गर्दी टाळून कसं जमेल?

उत्तर १: रविवार, एकादशी, पौर्णिमा सोडा. पहाटे ४ ला रामपुऱ्याहून निघा, १० नंतर वाळू तापते. मैया (नर्मदा) कायम उजव्या हाताला. पाणी थोडं थोडं पीत राहा, मीठ-साखर-लिंबू सोबत हवंच.

उत्तर २: काकूंना नवे बूट अजिबात नकोत. फोड ओल्या मोज्यांनीही येतात, आणि नावेतून उतरताना पाय भिजतातच. सुका जोड पिशवीत अगदी वर ठेवा. टाच लाल दिसली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा.

उत्तर ३: पात्रात रेंगाळू नका. वरच्या अंगाला सरदार सरोवर धरण आहे, पाणी सोडलं की पातळी चढते. नावेत लाइफ जॅकेट मागून घ्या. नर्मदे हर!