हिशेब मागणारा सभासद मालकाचा माणूस कसा ठरतो?

सातपूरचा टर्नर
"कामगार संघटनेचा हिशेब मागणारे मालकाचेच काम करतात, ज्यांचा नेत्यावर विश्वास नाही त्यांनी वर्गणी बंद करावी," असे काल एका कार्यकर्त्याने येथे लिहिले आणि अनेकांनी त्याला दुजोराही दिला. मी 22 वर्षे वर्गणी भरतो आहे आणि दोन संपांत उतरलो आहे, त्यामुळे हे वाक्य मला लागले.

आमच्या कारखान्यात गेल्या वेतन करारानंतर प्रत्येकाला मिळालेल्या पगाराच्या फरकातून 8,000 रुपये करार निधी म्हणून घेतले गेले. आम्ही 400 कायम कामगार आहोत, म्हणजे ही रक्कम 32 लाख होते. पावती एकालाही मिळाली नाही. वार्षिक सभेत उभा राहून ही रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली असे मी विचारले, तेव्हा माझ्या हातातला माईक काढून घेण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत माझ्याजवळ कोणी बसले नाही. 1926 च्या कामगार संघटना कायद्याच्या 20 व्या कलमाने हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार पदाधिकाऱ्याइतकाच साध्या सभासदालाही दिला होता. तो अधिकार वापरणारा मालकाचा माणूस कसा?

निवृत्त खजिनदार
आपला संताप समजतो, पण संघटनेची तिजोरी ही पतसंस्थेची तिजोरी नव्हे. ज्या कायद्याचे कलम आपण दाखवता, तो का झाला हेही आठवावे. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक मिलच्या मालकांनी तेथील कामगार नेते बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला, आणि त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशी यांनी 1921 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात संघटनांना कायद्याचे संरक्षण मागितले. मालकाचा पहिला वार नेहमी संघटनेच्या कंबरड्यावर होतो. संप-टाळेबंदीसाठी राखलेल्या संघर्ष निधीत किती शिल्लक आहे हे व्यवस्थापनाला कळले, की आपण किती आठवडे तग धरू याचे गणित ते त्याच दिवशी मांडतात.

आमच्याकडे पाच महिने टाळेबंदी होती. रात्री नऊनंतर मी घरोघर जाऊन पिशवीतून पैसे पोहोचवले. त्यांतल्या कित्येकांनी उभ्या आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता. त्यांच्याकडून व्हाउचरवर सही मागायला माझी जीभ रेटली नाही. आता तीस वर्षांनी कोणी त्या सह्या मागितल्या, तर मी चोर ठरायचा का?

कामगाराची मुलगी, भोसरी
आपल्या पिशवीचे मी अवमूल्यन करीत नाही, परंतु दुसरी बाजूही कोणी सांगितली पाहिजे. आमच्या वडिलांच्या कारखान्यातही टाळेबंदी झाली होती. वडील संघटनेच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलकडून उभे राहिले होते, म्हणून आमच्या घरी ती पिशवी कधीच आली नाही. आई संघटनेच्या कार्यालयाबाहेर दोन दिवस बसली आणि रिकाम्या हाताने परतली. कोणाला किती दिले याची नोंद असती, तर निदान विचारता तरी आले असते. गरजवंताची अब्रू राखायची, तर नाव झाकून क्रमांक लिहिता येतो. पण काहीच न लिहिण्याने अब्रू फक्त वाटणाऱ्याची राखली जाते.

हिशेब तपासनीस
कायद्याचा उल्लेख झालाच आहे म्हणून दोन बाबी मांडतो. 1926 च्या कायद्यात तपासलेले वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे पाठवणे बंधनकारक होते, पण ते न पाठवल्यास दंड होता 5 रुपयांपर्यंत, पुढे दर आठवड्याला आणखी 5 रुपयांपर्यंत, आणि सगळा मिळून 50 रुपयांच्या वर नाही. नोंदणी रद्द होण्याची टांगती तलवार होती खरी, पण ती पडावी असे सभासदालाही वाटत नसे, कारण नुकसान त्याचेच. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या संघटना-मान्यतेच्या कायद्याने मात्र मान्यताप्राप्त, म्हणजे मालकाशी वाटाघाटीचा अधिकार मिळालेल्या, संघटनेसाठी अधिक नेमके लिहून ठेवले: कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत, प्रत्येक ठराव इतिवृत्तात, आणि शासनाने नेमलेल्या लेखापरीक्षकाला दरवर्षी हिशेब तपासण्याची मुभा. मी ज्या संघटनांच्या वह्या पाहिल्या, त्यांत मासिक वर्गणीचा हिशेब बहुधा जुळतो. करार निधीचे पानच नसते.

निवृत्त खजिनदार
पान नसते, कारण नेता आता सभासदापुढे उभाच राहत नाही. आमच्या काळी पगाराच्या दिवशी पावती पुस्तक घेऊन आम्ही खात्याखात्यात फिरत असू. ज्याची तक्रार असे, तो पैसे हातात धरून आधी जाब विचारी आणि मगच वर्गणी देई. खरा लेखापरीक्षक तो होता. वर्गणी पगारातून परस्पर कापली जाऊ लागली आणि ही तपासणी संपली.

कमिटीतला तरुण
ही आठवण फार गोड करून सांगितली जात आहे. त्याच पावती पुस्तकांवर गैरहजर कामगारांच्या नावे वर्गणी भरून, मान्यतेसाठी लागणारी 30 टक्के सभासदसंख्या दाखवली गेल्याचे मी माझ्या काकांकडून ऐकले आहे. पगारातून कपात कामगाराच्या लेखी संमतीनेच होते आणि तिची नोंद बँकेत राहते.

निवृत्त खजिनदार
आणि ती कपात कोणाच्या हातात असते? व्यवस्थापनाच्या. आमची मागणीपत्रिका गेली त्याच महिन्यात "तांत्रिक अडचण" सांगून कपात थांबवली गेली आणि कार्यालयाचे भाडे थकले. मालकाच्या संगणकावर संघटनेचा श्वास ठेवणाऱ्यांनी मला प्रामाणिकपणा शिकवू नये.

कमिटीतला तरुण
तीन पाळ्या आणि चार युनिट्स असताना सहा जणांची कमिटी दर महिन्याला हाताने वर्गणी कशी गोळा करणार, हे आपणच सांगावे. आपल्याला आमच्यावर राग आहे, तो पद्धतीवर काढू नका.

कामगाराची मुलगी, भोसरी
वर्गणी हाताने घ्या किंवा पगारातून घ्या. विचारले होते त्या 32 लाखांचे. ते ना पावती पुस्तकावर आले, ना कपातीच्या यादीत.

सातपूरचा टर्नर
खजिनदारसाहेब, संघर्ष निधीची शिल्लक फलकावर लावू नये, हे मी मान्य करतो. मनापासून नव्हे, पण मान्य करतो. मात्र करार झालेला आहे, व्यवस्थापनानेच फरक वाटलेला आहे आणि किती वाटला ते त्यांना पैशापैशाने ठाऊक आहे. या निधीचे गुपित मग कोणापासून राखायचे? फक्त आमच्यापासूनच. वही दाखवण्यासाठी मी सरचिटणीसांना लेखी अर्ज देणार आहे. एकट्याची सही असली, की माणूस एकटा पडतो.

निवृत्त खजिनदार
करार निधीला पावती हवीच होती; माझ्या हातून असे झाले असते, तर मी राजीनामा दिला असता. मी आपल्या कारखान्याचा सभासद नाही, त्यामुळे माझ्या सहीला तेथे किंमत नाही. पण अर्जाचा मसुदा मी तपासून देईन आणि सरचिटणीस माझ्या ओळखीचे असल्याने त्यांना फोनही करीन. संघर्ष निधीचा आकडा त्या अर्जात असेल, तर मात्र माझ्याकडे पाठवू नका.